आईसमोर पोर काय बोलणार?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं असाल तिथून ऐका. विषय जड आहे, पण परका नाही.

कॉलेजातलं पोर महिनाभर अंथरूण सोडत नाही. मग एकाएकी दोन तास झोपून ताजंतवानं, तोंडाची टकळी थांबत नाही, उधारीवर नवी मोटारसायकल. घरचे आधी म्हणतात आळस, नंतर म्हणतात बाहेरचं काहीतरी. हा बायपोलर आजार असू शकतो. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो.

यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा, तेव्हा आईबापांनी लगेच स्वतःला दोषी धरू नये. पण लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड सोसलेल्यांत हा आजार लवकर सुरू होतो आणि स्वतःला इजा करण्याचा, जीव देण्याच्या प्रयत्नाचा धोकाही जास्त दिसतो. रोजचा पाणउतारासुद्धा यात येतो. आपल्याकडे मार मोजतात, बोलणं कुणी मोजत नाही.

आता आपल्या सीमाभागाची अडचण. पोराचं दुःख मराठीत, केसपेपर इंग्रजीत, आणि विचारणारा बऱ्याचदा कन्नडमध्ये. मग आईच दुभाषी होते, बाप दाराशी उभा. घरातलीच गोष्ट असेल तर पोर सांगणार कशी? डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, थोडा वेळ एकट्याशी बोला, मराठी येणारं कुणी असेल तर बोलवा. हे मागायला लाज कसली?

मन पार खचलेलं, पण अंगात उसळी आणि डोक्यात विचारांची गर्दी, अशी सरमिसळ झाली की जास्त जपायचं. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, गोळ्या घरातल्या मोठ्या माणसाच्या ताब्यात. आणि सरळ विचारा, ‘जगणं नको वाटतंय का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. हो म्हणाला तर एकट्याला सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लिथियम हे जुनंच औषध, १९४९ पासूनचं; आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून आजही त्याचं नाव आहे. त्यावर असताना रक्ततपासणी चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. आणि डॉक्टरांना नुसती उदासी सांगू नका, ते उधळलेले दिवसही सांगा. ते लपले तर नुसत्या उदासीची गोळी मिळते, आणि तिनं कधीकधी पोर आणखी उधळतं.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मनोविकारांची सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६. लहान मुलावर आत्ता अत्याचार होत असेल तर १०९८. फोन लागला की आधी सांगा, मराठीत बोलायचंय.