भात्यावरचा हात

(दृश्य : पहाटेचा अंधार. टेबलावरच्या दिव्याचा उजेड पियानोच्या पट्ट्यांवर पडला आहे. त्या उजेडात दोन हात येऊन थांबतात.)

पडद्यावर दिसणारे हे दोन हात एकाच व्यक्तीचे असले, तरी त्यांचे शिक्षण सारखे झालेले नाही. उजवा हात वयाच्या दहाव्या वर्षापासून पेटी वाजवत आला आहे आणि डाव्या हाताने तेवढीच वर्षे पेटीचा भाता हलवला आहे. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई चोपन्नाव्या वर्षी पियानोकडे वळल्या, आणि त्यानंतर सात वर्षे लोटली तरी त्यांचा डावा हात उजव्याच्या मागूनच चालत होता. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी एकोणिसाव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान्नेस ब्राह्म्स यांची एक रचना शिकायला घेतली. मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, अकरा महिने, ही एकच रचना त्या बसवत होत्या.

(दृश्य : स्वरलिपीचे पहिले पान. कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेले बोटांचे आकडे, काही खोडून पुन्हा लिहिलेले.)

या रचनेचे नाव इंटरमेझो, म्हणजे पियानोसाठीचा एक छोटा तुकडा, असून ब्राह्म्स यांच्या ओपस ११८ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या कृतीचा क्रमांक) या संचातील सहा तुकड्यांपैकी हा दुसरा आहे. १८९० मध्ये आपले रचनाकार्य आता संपले असे ब्राह्म्स यांनी मनाशी ठरवले होते. परंतु जर्मनीतील मायनिंगेन येथे रिखार्ड म्युलफेल्ड यांचे क्लॅरिनेटवादन ऐकल्यावर ते पुन्हा लिहू लागले, आणि १८९३ च्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रियातील बाड इशल या गावी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी हा संच पूर्ण केला. तो त्यांनी क्लारा शूमान यांना अर्पण केला आहे. युरोपातील अग्रगण्य पियानोवादकांमध्ये गणना होणाऱ्या क्लाराबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि १८९१ नंतर त्यांनी जाहीर मैफलीत वाजवणे थांबवले होते. ज्यांना अर्पण केले त्या व्यासपीठावरून उतरलेल्या असताना लिहिले गेलेले हे संगीत घरातल्या खोलीत, चार भिंतींच्या आत वाजले तर अस्थानी वाटत नाही, असे आम्हांला चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी जाणवत राहिले.

पानाच्या माथ्यावर दोन इटालियन शब्द आहेत, ‘आंदान्ते तेनेरामेंते’. रमतगमत चालावे तशा गतीने, हळुवारपणे, असा त्यांचा आशय आहे. बाईंनी पहिली ओळ आपल्या भाषेत उतरवून घेतली आहे आणि ती वहीच्या या पानावर दिसते. पांढरी सहा, म्हणजे पेटीच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, हा षड्ज धरला, तर ब्राह्म्स यांची सुरुवात ‘ग रे म’ अशी होते. लगेच ‘ग रे’ पुन्हा येतात, पण या वेळी रिषभावरून स्वर एकदम तार षड्जावर झेप घेतो. तीन मात्रांच्या या चालीत आरंभ तिसऱ्या मात्रेला होतो आणि ‘म’ पहिल्या मात्रेवर येऊन टेकतो. मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या बाईंना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नाही.

अडचण आली ती त्या मध्यमाशी. पेटीवर बोट ठेवून भाता देत राहिले की स्वर हवा तितका वेळ टिकतो, फुगवता येतो, कमीही करता येतो. पियानोत नमद्याची हातोडी तारेवर आदळून मागे सरते आणि त्या क्षणापासून तो स्वर विझू लागतो. पट्टी कितीही दाबून धरली तरी त्यात आता काही भरता येत नाही. मग विझणाऱ्या स्वरांतून सलग गाणे कसे निर्माण होते? वादकाने मागचा स्वर कुठवर उतरला आहे हे ऐकायचे आणि पुढचा स्वर त्याच पातळीपासून उचलायचा. किंचित जोर जास्त झाला तर तो सुटा पडतो, कमी झाला तर ओळ तुटते. पहिल्या तीन स्वरांवर बाई जवळजवळ सहा आठवडे थांबल्या होत्या. आठव्या आणि चाळिसाव्या दिवसाचे चित्रीकरण येथे एकापुढे एक जोडले आहे.

(येथे निवेदन थांबते. दोन्ही दिवसांचे तीन स्वर ऐकू येतात.)

समोरच्या संगणकावर दिसणारे तरुण शिक्षक दर शनिवारी तासभर शिकवतात. ‘काकू, उजवा हात मांडीवर ठेवा,’ असे ते म्हणतात आणि पुढचा अर्धा तास केवळ डावा हात वाजतो. या रचनेत डाव्या हाताकडे साथीचे काम नाही. खर्जापासून मध्य सप्तकापर्यंत पसरलेल्या स्वरांच्या ओळीत त्याची स्वतःची एक चाल दडलेली आहे आणि ती ऐकू आली नाही तर वरचे गाणे पोरके वाटते. तीस मिनिटांचे हे चित्रीकरण आम्ही चार मिनिटांवर आणले आहे, त्याहून लहान करणे आम्हांला योग्य वाटले नाही.

मधला भाग काळोखात शिरतो. तेथे खाली एका मात्रेत तीन स्वर चालू असताना वरच्या चालीत त्याच मात्रेत दोन येतात. गणिताच्या शिक्षिकेने फळ्यावर मात्रेचे सहा भाग पाडले, एका हाताला पहिला, तिसरा आणि पाचवा दिला, दुसऱ्याला पहिला आणि चौथा. हिशेब बिनचूक होता, तरी हात अडखळत राहिले. शेवटी उपयोगी पडली ती लहानपणी तबलजींकडून शिकलेली आड लय. बाई पायाने दोन चालत, हाताने तीन टाळ्या देत खोलीभर फिरताना दिसतात, त्याचे कारण हे आहे.

जुलैत पियानोच्या काही पट्ट्या अडकू लागल्या. पावसाळ्यात हवेतला ओलावा लाकडात मुरतो, तारांखालची मोठी लाकडी पाटी फुगते, तारा ताणल्या जातात आणि मधले स्वर चढतात. कोरड्या दिवसांत तेच उलटे घडते. त्यामुळे पियानोच्या तळाच्या कप्प्यात ओल धरू नये म्हणून एक लहान दिवा जळत ठेवलेला असतो, तो येथे दिसतो. ध्वनिमुद्रणाच्या दोन दिवस आधी वाद्य जुळवणारे कारागीर आले. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका स्वराला तीन तारा असतात; दोन तारांमध्ये पाचर घालून त्या मुक्या करायच्या, एक जुळवायची, मग उरलेल्या तिच्याशी अशा लावायच्या की दोन तारांमधले विस्पंद, म्हणजे किंचित वेगळ्या स्वरांमुळे आवाजात उठणारी लहर, मंद होत होत नाहीसे व्हावेत. तंबोरा लावताना ज्यांनी कान दिला आहे, त्यांना हे विस्पंद विरताना ऐकू येतील.

फेब्रुवारीतल्या तीन पहाटे ध्वनिमुद्रण झाले. भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा आणि फ्रिज बंद केले, पियानोचे वरचे झाकण उघडून दोन मायक्रोफोन लावले. रस्ता जागा होण्यापूर्वी जेमतेम दीड तास मिळत असे. खुद्द ब्राह्म्स यांचे वादनही घरातच मुद्रित झाले होते : डिसेंबर १८८९ मध्ये व्हिएन्नातील फेलिंगर कुटुंबाच्या घरी एडिसन यांच्या फोनोग्राफवर त्यांनी आपल्या पहिल्या हंगेरियन नृत्याचा काही भाग वाजवला होता. मेणाच्या त्या नळकांड्यावर आज खरखरीतून स्वर शोधावे लागतात.

वेगवेगळ्या वादनांतले चांगले तुकडे जोडून एक निर्दोष वादन तयार करणे आता कोणालाही घरी शक्य आहे, आणि ग्लेन गूल्ड यांच्यासारख्या थोर वादकाने अशा जोडणीचा उघडपणे पुरस्कार केला होता. बाईंनी मात्र एकही जोड घेतला नाही. अकरा वादनांपैकी सातवे त्यांनी निवडले. त्यात मधल्या भागात डाव्या हाताचा एक स्वर चुकला आहे आणि शेवटाकडे खिडकीबाहेरचा पक्षी ऐकू येतो. चुकलेला स्वर दुरुस्त करण्याची तयारी आम्ही दाखवली होती. त्यांनी नकार दिला, आणि तो नकार आम्हांला पूर्णपणे पटला. हौशी नाटकाला आपल्याकडे जो मान आहे, तो हौशी वादनालाही मिळायला हवा, आणि त्यासाठी ते जसे वाजले तसेच ऐकले गेले पाहिजे.

दरम्यान डाव्या मनगटाला सूज आल्यामुळे ऑक्टोबरात तीन आठवडे सराव बंद होता, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आता तो दिवसाला चाळीस मिनिटांवर आणला आहे.

हे सातवे वादन सुमारे सहा मिनिटांचे आहे. ते संपूर्ण ऐकवले जाईल आणि त्या वेळात निवेदन नसेल.

(दृश्य : बाई खिडकी लावून घेतात, पंख्याकडे एकदा पाहतात आणि बसतात. चौकटीत प्रथम डावा हात.)