१६० किलोमीटर, आठवड्याचे ६ तास

[दृश्य: मोबाइलवर नोंदणीचा अर्ज. ‘अंतर’ या रकान्यात १६० वर बोट टेकतं.]

चॅरिटी राइडला, म्हणजे देणगी जमवण्यासाठीच्या सायकलफेरीला, नाव नोंदवायला पाच मिनिटं पुरतात. ही पाच मिनिटं बहुतेकांच्या आयुष्यात रात्री उशिरा येतात. घरातलं एखादं मोठं आजारपण नुकतंच सरलेलं असतं, कुणी जवळचं गेलेलं असतं, किंवा नुसतंच ऑफिसातलं कुणी म्हणालेलं असतं, ‘तू पण ये की.’ अर्ज भरून होतो. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उघडलं की कळतं, राइडला जेमतेम साडेतीन महिने आहेत आणि त्यात मोकळी म्हणावी अशी एकही सकाळ नाही.

[दृश्य: पाठीवर नंबर लावलेले सायकलस्वार. तरुण, म्हातारे, जाडे, बारीक.]

सायकल चालवून दुसऱ्यासाठी पैसे उभे करण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार यांची आई कर्करोगाने गेली. १९८० साली त्यांनी ३६ जणांना घेऊन राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे राइड काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाने ती राइड आजही निघते. कर्करोगाच्या उपचारांसाठी आणि संशोधनासाठी तिने आजवर उभा केलेला निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही सात दिवसांची, सुमारे ८७७ किलोमीटरची राइड एचआयव्हीबाधितांसाठी वर्षानुवर्षं निघत राहिली. २०२५ मध्ये ती शेवटची झाली. लंडन ते ब्रायटन हे ८७ किलोमीटर लोक ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी चालवतात. त्या वाटेवर शेवटाकडे डिचलिंग बीकनचा चढ लागतो, आणि तिथे शेकडो माणसं निवांतपणे उतरून सायकल हातात धरून चालू लागतात.

हे चालणं लक्षात ठेवायला हवं, कारण तयारीचं सगळं गणित त्यावर उभं आहे. चॅरिटी राइडमध्ये पहिला नंबर नसतो. देणगी देणाऱ्याने तुमचा सरासरी वेग विचारलाय, असं सहसा होत नाही. तरीही इंटरनेटवर सापडणारी बहुतेक वेळापत्रकं शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आठवड्याला बारा तास, पंधरा तास. नोकरी, घर आणि झोप सांभाळणाऱ्या माणसाने ती वाचावीत आणि सोडून द्यावीत.

[दृश्य: सपाट रस्ता. वाऱ्याने फडफडणारं जॅकेट.]

वेगाचा हिशेब एकदा मांडून बघू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर जायचं, तर हवेशी झगडायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. त्याबदल्यात काय मिळतं? १६० किलोमीटरला आठ तासांऐवजी सहा तास चोवीस मिनिटं. शर्यत असती तर हा फरक सगळं काही ठरवणारा होता. इथे दीड तास आधी पोचून फार तर सावलीतली जागा मिळेल. त्यातून कुणाच्या तरी मागे शिस्तीत सायकल चालवली, तर हवेचा मार बराच कमी होतो, तोही फुकट. मात्र पुढच्याच्या चाकाला आपलं चाक न लावता चालवायची सवय आधी करून घ्यावी लागते.

म्हणजे पायात ताशी २५ ची ताकद आणणं हे काम आपलं नाही. आपल्याला ताशी २० ने आठ तास सायकलवर बसता आलं पाहिजे.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. दोन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेल्या नोंदी.]

आता वेळ. ‘वेळ काढायचा’ असं आपण म्हणतो, आणि तो कुठून काढला हे सोयीस्करपणे विसरतो. रविवारचे चार तास तुम्ही सायकलवर असता, तेव्हा घरी मुलांना कुणीतरी बघत असतं. आई-वडिलांना दवाखान्यात कुणीतरी नेत असतं. सराव सुरू होण्याआधीची सगळ्यात अवघड राइड म्हणजे घरातल्या माणसांसमोर कॅलेंडर उघडून बसणं. कोणता रविवार माझा, कोणता तुझा. कोणत्या आठवड्यात परीक्षा आहेत, कोणत्या आठवड्यात ऑफिसात हिशेब मिटवायचे आहेत. हे आधी ठरलं नाही, तर सराव पाय दुखून बंद पडत नाही, पाचव्या आठवड्यातल्या भांडणाने बंद पडतो.

आठवड्याला सरासरी सहा तास मिळाले तरी १६० किलोमीटरची तयारी होते. कामाच्या दिवशी दोनदा पाऊण-पाऊण तास, एखाद्या संध्याकाळी तासभर आणि सुट्टीला एक लांब राइड. लांब राइड सुरुवातीला ४० किलोमीटरची असावी. दोन-तीन आठवडे थोडी थोडी वाढवायची, मग एक आठवडा मुद्दाम कमी करायची, कारण शरीर बळकट होतं ते विश्रांतीत. असं करत राइडच्या दोन-तीन आठवडे आधी ११० ते १२० पर्यंत पोचलात, तर पुरे. पूर्ण १६० आधी चालवून बघायची गरज नाही. ज्यांना ती वाटते त्यांना ती भीतीपोटी वाटते, हे आमचं मत.

[दृश्य: दोघं शेजारी शेजारी, गप्पा मारत सायकल चालवतायत.]

लांब राइड किती जोरात करायची? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकीच. वाक्य मधेच तुटून श्वास घ्यावा लागला, की जोर जास्त झाला. हे ऐकायला आळशीपणाचं वाटतं, पण आत काम चाललेलं असतं. १९६७ साली संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना आठवडेच्या आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या स्नायूंमधल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या यंत्रणेची, क्षमता जवळपास दुप्पट झालेली आढळली. लांब आणि संथ राइड हेच घडवते. शिवाय स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि चरबी जाळण्याचं प्रमाण वाढतं.

पण सहा तासांत सगळंच संथ ठेवून भागत नाही. कामाच्या दिवशीच्या पाऊण तासात दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग चार-पाच मिनिटांचे दमछाक करणारे तीन-चार तुकडे, मधे तेवढीच विश्रांती. यालाच इंटरव्हल म्हणतात. इथे हमखास कुणीतरी ‘ताबाता’चं नाव काढतं. चार मिनिटांत फिटनेस! संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ चा तो अभ्यास खरा आहे आणि तो सायकलवरच झाला होता. २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा, असे सात-आठ वेळा. पण जोर केवढा? ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या १७० टक्के, म्हणजे आठव्या फेरीनंतर पेडल मारता येऊ नये इतका. तेही तरुण, क्रीडाशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी, आठवड्यातून पाच दिवस. दिवसभर मीटिंगा करून आलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाने ते करून पाहू नये असं नाही, पण ती चार मिनिटं रविवारच्या चार तासांची जागा घेतील या भ्रमात राहू नये.

[दृश्य: कॅरिअरला बांधलेली ऑफिसची बॅग. पाठोपाठ, पंख्यासमोर होम ट्रेनरवर लावलेली सायकल.]

गर्दीच्या आयुष्यात सरावासाठी सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे कामावर जाण्या-येण्याचा. जो तास गाडीत जाणारच होता, तोच सायकलवर गेला, तर कुणाकडून काही घेतलं असं होत नाही. आदल्या दिवशी कपडे ऑफिसात नेऊन ठेवले, की निम्मं काम झालं. ज्यांना रस्ता धोक्याचा आहे किंवा शिफ्ट आडवेळी आहे, त्यांच्यासाठी होम ट्रेनर, म्हणजे घरात एकाच जागी सायकल चालवता येईल असा स्टँड. त्यावर ना सिग्नल, ना उतार, त्यामुळे पाऊण तासात एक मिनिटही वाया जात नाही. पंखा मात्र समोर हवाच. बाहेर अंगावरून जाणारा वारा खोलीत नसतो आणि शरीर भराभर तापतं.

अर्थात ट्रेनरवर न शिकता येणाऱ्या गोष्टीच राइडच्या दिवशी छळतात.

[दृश्य: हाताची बोटं झटकणारा सायकलस्वार. सीटचा जवळून शॉट.]

शंभरीच्या पुढे राइड सोडणाऱ्यांना विचारा. ‘पाय संपले’ म्हणणारे कमी भेटतील. बूड, मान, मनगट, पोट, यांतलं काहीतरी आधी संपतं.

सीटपासून सुरुवात करू. नवखा माणूस दुखायला लागलं की जाड, मऊ सीट-कव्हर आणतो. तासाभराच्या फेरीला ते बरं वाटतं. पण बसताना शरीराचा भार ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर यायला हवा. मऊ गादीत ती हाडं रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. मग घासणं, बधिरपणा, जखमा. आपल्या हाडांच्या रुंदीला जुळणारी, बऱ्यापैकी कडक सीट लांबच्या अंतराला सोसते. त्यावर पॅडेड शॉर्ट्स, आणि त्यांच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही. हे सांगायला लोक संकोचतात, म्हणून निम्मे नवखे आत शिवण घेऊन बसतात आणि सोलवटून घरी येतात.

सीटची उंची बघायची सोपी रीत आहे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवून चालवाल, तेव्हा गुडघ्यात हलकासा बाक राहील. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागच्या. पेडल मिनिटाला साधारण ८० ते ९० वेळा फिरेल असा गिअर ठेवला, की गुडघ्यावर ताण कमी येतो. जड गिअर लावून दात-ओठ खात चढ चढणं दिसायला मर्दानी असतं. त्याची किंमत संध्याकाळी कळते.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं ते मनगटापाशी मज्जातंतू दाबला गेल्याने. दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलणं, कोपरं सैल ठेवणं आणि हँडलवर रेलून न बसणं हाच त्यावर उपाय. टायर थोडे रुंद, २८ किंवा ३२ मिलिमीटरचे, आणि हवा दगडासारखी कडक न भरलेली असेल, तर रस्त्याचे धक्के मनगटापर्यंत कमी पोचतात.

[दृश्य: सायकलवरूनच खिशातून काढून खाणारी बाई. मनगटावरचं घड्याळ.]

आता पोट. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतो. ही खिशातली रोकड. चरबी म्हणजे मुदत ठेव, भरपूर, पण हवी तेव्हा झटकन हाती न येणारी. जोरात चालवलं तर रोकड दीड-दोन तासांत तळाला जाते. मग एकाएकी पाय लोण्याचे होतात, डोकं गरगरतं, उगाच रडू येतं. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. ते टाळायला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, आणि तीही भूक लागायच्या आधीपासून. पहिला घास पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. काय खायचं ते रविवारच्या राइडमध्येच ठरवायचं, कारण हलत्या शरीराला अन्न पचवायचीही सवय लावावी लागते. राइडच्या दिवशी थांब्यावर वाटलेलं नवं एनर्जी जेल पहिल्यांदा चाखून बघणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

पाण्याबाबत उलटी चूकही होते. घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, गोंधळलेपण, आणि प्रकरण वाढलं तर जिवावर बेतू शकतं. तहानेप्रमाणे प्यायचं, आणि तासन् तास घाम गळत असेल तर खाण्यापिण्यात मीठ हवं.

[दृश्य: ताप मोजणारा थर्मामीटर. कोपऱ्यात उभी सायकल.]

आणि आठवडे बुडणार. मूल तापाने फणफणेल, कामाची मुदत पुढे येईल, तुम्ही स्वतः आजारी पडाल. ताप असताना सायकल काढायची नाही, इथे चर्चा नाही. बुडालेला आठवडा पुढच्या आठवड्यात दुप्पट चालवून भरून काढायला गेलात, तर गुडघा जातो. संशोधक एडवर्ड कॉयल यांनी १९८४ साली चांगल्या कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून पाहिलं. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची कमाल ऑक्सिजनक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. तीन आठवडे शून्य सराव, आणि ७ टक्के! एका आठवड्याच्या खाड्याने कुणाचं काही वाहून जात नाही. झोप तोडून पहाटे तीनला उठणारे मात्र स्वतःचंच नुकसान करतात.

सरावाइतकाच वेळ खाणारं दुसरं काम म्हणजे पैसे मागणं. ते शेवटच्या पंधरवड्यावर ढकललं जातं, कारण चढ चढण्यापेक्षा ते अवघड जातं. लवकर सुरू करा. सरसकट संदेशापेक्षा नाव घेऊन, एकेकाला, निधी कुणासाठी आणि तुम्हाला त्याचं काय हे दोन ओळींत सांगून मागा. घाम गाळलेल्या रविवारचा एक फोटो सोबत असला, की काम सोपं होतं.

[दृश्य: सुरुवातीची रेषा. सायकलींची गर्दी.]

शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा. फेऱ्या तेवढ्याच, पण छोट्या, आणि मधूनमधून जोराच्या. याच दिवसांत अस्वस्थ होऊन कुणी ‘एकदा शंभर मारून बघू’ म्हणतं. घरच्यांनी सायकलची किल्ली लपवावी.

राइडच्या सकाळी पहिले ५० किलोमीटर लाज वाटावी इतके सावकाश जायचं. सगळे पुढे जातील, जाऊ देत. थांब्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही, पाय आखडतात. चढावर उतरून चालायचं असेल तर चालायचं. मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीत बसावं लागलं तरी जमलेली देणगी परत जात नाही. आणि १२० च्या पुढचे ४० किलोमीटर, जे कुणीच सरावात पाहिलेले नसतात, तिथे अनोळखी माणसं आपसूक एकमेकांशी बोलायला लागतात. विषय तीनच: वारा कुठून येतोय, पुढचा थांबा किती लांब आहे, आणि तुमची सीट कोणती.