एकूण कमाई म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

'टाळेबंदी' हा शब्द आपण कोरोनाच्या दिवसांत इतका वापरला, की त्याचा जुना अर्थ मागे पडला. गिरणगावातल्या माणसांना तो पाठ होता. कामगारानं काम थांबवलं की संप, आणि मालकानं फाटकाला कुलूप लावलं की टाळेबंदी. 12 मार्च 2011 रोजी अमेरिकेत अशीच एक टाळेबंदी सुरू झाली. फाटकाबाहेर राहिलेले कामगार होते व्यावसायिक फुटबॉल खेळाडू, आणि कुलूप लावलं होतं एनएफएलनं, म्हणजे 32 संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगनं. हा फुटबॉल आपल्या कूपरेजवर दिसतो तो नव्हे. लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा, अंगावर अंग आदळणारा खेळ. खेळाडू संघटनेच्या हिशेबानं त्यातली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षंही टिकत नाही.

लक्षाधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक भांडतायत, त्यात आपल्याला काय, असं तेव्हा अमेरिकेतही पुष्कळ लोक म्हणत होते. मला ते पटत नाही. घाम गाळणाऱ्याचा वाटा कशातून मोजायचा, हा प्रश्न त्या भांडणात इतका उघडा झाला होता, की तो समजून घ्यायला मला दुसरं इतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

गोष्ट सुरू होते मालकांच्या आपापसातल्या वाटणीपासून. 1961 साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून लीगला सगळ्या संघांचे टीव्हीचे हक्क एकत्र विकायची परवानगी दिली. लीगचे तेव्हाचे आयुक्त पीट रोझेल यांनी पुढच्याच हंगामासाठी सीबीएस वाहिनीशी वर्षाला साडेसेहेचाळीस लाख डॉलरचा करार केला आणि ते पैसे सर्व संघांना समान वाटायचं ठरलं. न्यूयॉर्कच्या संघाला एकट्यानं विकून कितीतरी जास्त मिळाले असते. तरी त्या संघाच्या, म्हणजे जायंट्सच्या, मालक मारा बंधूंनी समान वाटा मान्य केला, आणि तिथून ही लीग घडली. त्यामुळेच विस्कॉन्सिनमधलं जेमतेम एक लाख वस्तीचं ग्रीन बे हे गाव आजही आपला संघ टिकवून आहे. या संघाला एक असा मालकच नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, आणि त्यांना लाभांश मिळत नाही. हा संघ दरवर्षी आपला ताळेबंद जाहीर करतो, म्हणून लीगच्या वाटणीचा आकडा बाहेरच्यांना कळतो. 2024 च्या ताळेबंदात तो 40 कोटी 23 लाख डॉलर होता. न्यूयॉर्कला तेवढेच, ग्रीन बेला तेवढेच.

मालकांनी आपापसात हे लवकर साधलं. खेळाडूंना मात्र या वाटणीत बसायला तीस वर्षं लागली.

1982 साली, आपल्याकडे गिरण्यांचा संप चालू असतानाच, तिकडे फुटबॉल खेळाडूंनी 57 दिवस संप केला. मागणी होती एकूण उत्पन्नाच्या 55 टक्क्यांची. मालकांनी ती साफ नाकारली. 1987 साली पुन्हा संप झाला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवले आणि सामने सुरू ठेवले. 24 दिवसांत संप मोडला. संघटना मग कोर्टात गेली. त्याआधी करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ निवडणं जवळजवळ अशक्य होतं. 1993 च्या समझोत्यानं ती मोकळीक दिली आणि बदल्यात पगारावर कमाल मर्यादा आली. प्रत्येक संघाला 1994 साली 3 कोटी 46 लाख डॉलर. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाला बांधलेली होती. कमाई वाढली की मर्यादा वाढणार. ज्याच्या नावानं दावा चालला होता तो रेगी व्हाइट त्या वर्षीचा सगळ्यात मागणी असलेला खेळाडू. तो गेला कुठे? ग्रीन बेला. टीव्हीच्या पैशाची समान वाटणी नसती, तर त्या गावाला तो परवडला नसता. आणि खेळाडूला मोकळीक नसती, तर तो तिथं पोचलाच नसता. जानेवारी 1997 मध्ये ग्रीन बेनं सुपर बोल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला.

आता 2011 कडे येऊ. 2006 च्या करारात खेळाडूंना उत्पन्नाचे जवळजवळ 60 टक्के मिळत, असं मालक सांगत. ते खरंही होतं आणि अपुरंही. कारण टक्केवारी लावण्याआधी मालक खर्चापोटी 100 कोटींहून जास्त डॉलर बाजूला काढत. 2008 मध्ये त्यांनी हा करार मुदतीआधी संपवायचं ठरवलं, आणि आता त्यांना आणखी 100 कोटी बाजूला हवे होते. संघटना म्हणाली, तोटा होत असेल तर दहा वर्षांच्या लेखापरीक्षित वह्या दाखवा. सगळ्या वह्या कधीच उघडल्या नाहीत.

आपल्या ऊस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीनं उसाला वाटा सुचवला तेव्हा दोन आकडे होते: नुसत्या साखरेच्या किमतीतून 75 टक्के, किंवा साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड असे उपपदार्थ धरून 70 टक्के. लहान आकड्यातही मोठा वाटा असू शकतो. आधी विचारायचं ते, कशाचे टक्के.

या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. टाळेबंदीच्या आधी लीगनं टीव्ही वाहिन्यांशी असे करार करून ठेवले होते, की 2011 चे सामने झाले नाहीत तरी सुमारे 400 कोटी डॉलर मिळावेत. म्हणजे खेळाडू घरी बसून खंगणार आणि मालकांकडे पैसा येत राहणार. संघटनेनं याविरुद्ध दाद मागितली. 1 मार्च 2011 रोजी न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी निकाल दिला, की लीगनं कराराचा भंग केला आहे. टीव्हीचे हक्क दोन्ही पक्षांच्या भल्यासाठी विकायची जबाबदारी लीगवर होती. तिनं मात्र सामाईक कमाईतून स्वतःसाठी टाळेबंदीची शिदोरी बांधली होती.

साडेचार महिने गेले. 25 जुलैला समझोता जाहीर झाला. न्यू इंग्लंड संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्या पत्नीचं पाच दिवसांपूर्वीच निधन झालं होतं, आणि तिच्या आजारपणातही ते बोलणी करत राहिले होते. घोषणेच्या वेळी समोरच्या बाजूचा खेळाडू जेफ सॅटरडे यानं सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. ते छायाचित्र मला अजून आठवतं.

नव्या करारात खर्चापोटी आधीच पैसे बाजूला काढणं बंद झालं. टीव्हीच्या राष्ट्रीय पैशातून खेळाडूंना 55 टक्के, लीगच्या इतर व्यवसायांतून 45, आणि संघांच्या स्थानिक कमाईतून 40. सगळं मिळून किमान 47. म्हणजे 60 वरून 47 वर घसरण? कागदावर तसं दिसतं, आणि खेळाडूंनी गमावलंही थोडं नाही, विशेषतः नव्या मुलांचे पगार एकदम खाली आले. पण आता मोजणी पूर्ण कमाईची होती, आणि पगाराच्या कमाल मर्यादेतले 89 टक्के तरी प्रत्येक संघानं खर्च केलेच पाहिजेत, असा तळही ठरला. पॅड घालून करायचे टकरीचे सरावही बरेच कमी झाले. शरीराच्या हिशेबात ते मला पैशाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढचा करार 2020 मध्ये मतदानाला आला. वाटा 48 टक्क्यांवर जाणार होता, बदल्यात हंगामात सतरावा सामना. ॲरन रॉजर्ससारखे मोठे खेळाडू उघड विरोधात होते. पण लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू किमान पगाराच्या आसपासचे, आणि नवख्याचा किमान पगार त्याच वर्षी 5 लाख 10 हजारांवरून 6 लाख 10 हजार डॉलर होणार होता. ज्याला तीनच वर्षं खेळायचं आहे, त्याच्यासाठी त्या लाखाचं वजन वेगळं. बाजूनं 1019 मतं पडली, विरोधात 959. फरक अवघ्या 60 मतांचा, आणि करार 2030 च्या हंगामापर्यंतचा. अठराव्या सामन्याची बोलणी मात्र आताच कानावर येऊ लागली आहेत.

नमस्कार.