छत गळतंय, घरमालक दाद देत नाही

न्हाणीघराच्या छतावरची ही ओल पाहा. कडेला पांढरा खार धरलाय, कोपऱ्यात प्लास्टर सुटून गंजकी सळई दिसतेय. पाणी बहुधा वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे फरशीतून सांडपाणी जातं त्या तोंडापाशी, मुरतंय. खालून कितीही रंग मारा, डाग पुन्हा वर येणार.

दुरुस्ती कुणी करायची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घरमालकानं.

पण आधी हातातला कागद नीट वाचा. शहरांतले बरेचसे फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीच्या करारावर, दिले जातात. तिथं राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतो, त्यामुळे कलम १४ त्याच्या कामाचं नाही. त्याची भिस्त करारावर. कुठली दुरुस्ती कुणाची, हे सहीआधीच त्यात घालून घ्यावं.

कलम १४ लागू असेल, तर भाडेकरूनं मालकाला लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची. ‘घराची दुरवस्था झाली आहे’ असलं मोघम लिहून भागत नाही. ‘न्हाणीघराच्या छताला दारावर तीन फूट बाय दोन फूट ओल, सळई उघडी’ असं लिहा. डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घाला, मोजपट्टी लावून फोटो काढा. ओल रेघेबाहेर सरकली की वाद घालायला जागा उरत नाही. नोटीस पोस्टानं पाठवा, पोचपावती जपा.

तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पावत्या आणि हिशोब चोख हवा. खर्चाचा तोच निर्णायक पुरावा. मात्र वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या आतच. महिना ५०० रुपये भाडं, म्हणजे वर्षाचे ६,०००. त्यातले कापता येतात जेमतेम १,५००. एवढ्यात वॉटरप्रूफिंग कुठलं व्हायला? जुन्या चाळींत ही तरतूद तोकडी पडते ती इथंच. भाडेकरूंनी एकत्र येऊन काम काढलं, तर निदान भार वाटला जातो.

रागाच्या भरात भाडं मात्र थांबवू नका. गळतं छत बाजूला राहतं, थकबाकीचं प्रकरण उभं राहतं आणि घर खाली करून मागायला मालकाला आयतं कारण मिळतं. भाडं भरा, पावती घ्या. कलम ३१ प्रमाणे ती द्यावीच लागते.

आणि मालकानं चिडून पाणी किंवा वीज तोडलीच, तर कलम २९ आहे. मुंबईत लघुवाद न्यायालयात, इतरत्र तिथल्या सक्षम न्यायालयात अर्ज करायचा. निकाल लागेपर्यंत पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेशही तिथं मागता येतो.