पेत्राचे पाय

(नेरुळ येथे महिला मंडळासमोर पवित्र आठवड्यात दिलेलं व्याख्यान)

भगिनींनो, मी मूळची नगरकडची. ३४ वर्षं नर्सची नोकरी केली. किती जणांना अंथरुणातच स्पंज दिला, किती म्हाताऱ्यांचे पाय धुतले, मोजदाद नाही. आपल्या हातून सेवा घडते याचं मोठं समाधान होतं. त्या समाधानात अभिमानही मुरला होता, हे गेल्या पावसाळ्यात कळलं.

मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाली वाकायचं नाही. स्वयंपाकाचं कसंबसं निभावलं. पण पायाची नखं? ती वाढत गेली, चादरीत अडकू लागली, अंगठ्याचं नख कडेनं रुतू लागलं. आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी जुईनगरहून दर रविवारी डबा घेऊन यायची. "काकू, आणखी काही करू का?" असं विचारायची. मी म्हणायचे, "काही नको गं, प्रभूच्या दयेनं सगळं ठीक आहे." प्रभूचं नाव घेऊन मी खोटं बोलत होते.

एका रविवारी तिला ते दिसलं. काही न बोलता तिनं टबात कोमट पाणी आणलं, फरशीवर बसली आणि माझी टाच मांडीवर घेतली. मी पाय मागे ओढला. "राहू दे, तू कशाला..." म्हणता म्हणता मला येशूचा शिष्य पेत्र आठवला.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या १३ व्या अध्यायातला. येशू शिष्यांचे पाय धुतो, त्या प्रसंगातला. पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम. ते गुरूनं करावं हे पेत्राला सहन होईना. ऐकताना ती नम्रता वाटते, पण प्रभू त्याला शाबासकी देत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सांगतो. इतका कडक शब्द, तोही शेवटच्या भोजनाच्या रात्री! या अध्यायावरून सेवा करा हे आपण शंभरदा ऐकलं. ज्याचे पाय धुतले जातात त्यानं काय करायचं, हे मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायात चौघं पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी एकही शब्द नाही. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत तसं उतरताना त्याला लाज वाटली नसेल? तरी त्यानं स्वतःला नेऊ दिलं.

आणि प्रभू स्वतः? याकोबाच्या विहिरीवर दमून बसला आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. पाणवठ्यावरची शिवाशिव भोगलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नसेल.

मी पाय परत पुढे केला. नखं इतकी कडक झाली होती की नेलकटर चालेना. ती भिजेपर्यंत मुलगी माझा पाय पाण्यात धरून बसली. दोन वर्षं ती चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसते, पण घरचं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी आईबद्दल बोलली. आई आजारपणात गेली. शेवटपर्यंत तिनं लेकीला अंगाला हात लावू दिला नव्हता.