गणपती, कमळ, गणपती, कमळ

नमस्कार श्रोतेहो.

आज एका पेटीबद्दल बोलणार आहे. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि सहा इंच खोल. बाहेरून बघाल तर साधं खोकं. आतला दिवा लावून डोकावलात, की विहीरच. तळ काही सापडत नाही.

आपल्या इंदूरकरांना हा प्रकार तसा नवा नाही. इतवारिया बाजारात सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं कांच मंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. भिंती काचेच्या, छत काचेचं, खांब काचेचे, आणि मूर्तींची प्रतिबिंबं एकामागे एक उभी. लहानपणी मी तिथे मूर्ती मोजायला बसायचे आणि आई हाताला धरून ओढत बाहेर काढायची. जपानच्या कलाकार यायोई कुसामा यांनी १९६५ साली न्यूयॉर्कला आख्खी खोलीच आरशांची केली. आपण खोली करायची नाही, पेटी करायची.

मागे पूर्ण आरसा, तोंड आपल्याकडे. पुढे अर्धा आरसा, म्हणजे साध्या काचेवर ती चकचकीत आरशासारखी फिल्म, ऑफिसांच्या खिडक्यांना लावतात ती. पूर्वी ही फिल्म गाडीवाल्यांकडे ढिगाने मिळायची. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी आणली. फार बरं केलं असं माझं मत आहे, पण ते असो. साबणाच्या पाण्याने काच ओली करायची, फिल्म ठेवायची आणि मधून कडेकडे पाणी ओढून काढायचं. बुडबुडा राहिला तर तो जन्मभर दिसतो.

दोन्ही आरशांच्या मध्ये, चारी कडांना आतून एलईडी दिव्यांची पट्टी. १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली. चार फूट लागते, म्हणजे साधारण ७२ दिवे. तीन-तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. पट्टी बरोबर मधोमध चिकटवा, म्हणजे आत दिसणाऱ्या रांगा सारख्या अंतरावर पडतात. आणि रंग बदलणारी, नाचणारी, रिमोटवाली पट्टी कृपा करून आणू नका. लग्नाच्या हॉलचा मंडप करायचा नाहीये आपल्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतला उजेड जास्त, बाहेरचा कमी. पुन्हा सांगते, आतला जास्त, बाहेरचा कमी. हे मी कसं शिकले, तेच सांगायला खरं तर आज आले आहे.

तीन वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. पूजेचा गणपती चौरंगावर, आणि शेजारी टेबलावर आमच्या चिरंजीवांची ही पेटी. आत शोभेचा म्हणून चार बोटांचा शाडूचा गणपती. संध्याकाळची आरती झाली. सगळ्या ट्यूबलाइट चालू, घर माणसांनी भरलेलं. आमच्या आत्याबाई, वय ८१, काठी टेकत पेटीसमोर आल्या. डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "अगं सूनबाई, देव कुठाय? हे तर माझंच तोंड!"

हसू दाबत मी ट्यूब बंद केली. आणि काय सांगू! काचेतलं आत्याबाईंचं तोंड विरून गेलं आणि दिव्यांच्या चौकटींमागे चौकटी उघडत गेल्या. समोरून पाहिलं तर पहिला गणपती मागच्यांना झाकतो, पण जरा बाजूने पाहिलं की रांग दिसते. शेजारचा पोरगा ओरडला, "अरे भिया, कितने सारे!" मोजायला लागला. बारापर्यंत मोजता आले, पुढचे अंधुक.

घर गप्प. मी मनातून फुगले. तेवढ्यात आत्याबाईंनी काठी उचलली आणि काचेकडे रोखली.

"हा दुसरा पाठमोरा का?"

आता मागच्या आरशाला मूर्तीची पाठच दिसणार ना! तो ती पाठ पुढे पाठवतो, पुढचा आरसा तोंड मागे पाठवतो. म्हणून एक तोंड, एक पाठ, एक तोंड, एक पाठ. हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गणपतीच्या पाठीत दारिद्र्य असतं, पाठ बघू नये, हे तुझ्या माहेरी सांगत नाहीत का? बारातले सहा पाठमोरे! सहा-सहा दारिद्र्यं दिवे लावून बघत बसलीस?"

त्या रात्री साडेअकराला चिरंजीव आणि मी पेटी उघडून बसलो. पुठ्ठ्याची गोल चकती कापली, मूर्तीच्या मागे प्रभावळीसारखी उभी केली, आणि तिच्या मागच्या बाजूला पोस्टर रंगाने कमळ काढलं. आठ पाकळ्या, त्यातली एक झोपेत लांब गेली. सकाळी दिवा लावला. गणपती, कमळ, गणपती, कमळ. आणि प्रत्येक कमळाची तीच पाकळी लांब!

आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांना नवी शंका. आरशात उजव्याचं डावं होतं. मग आपल्या डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड आत कुठे उजवीकडे तर वळली नाही? उजव्या सोंडेचं सोवळं कोण सांभाळणार! पण तसं होत नाही, श्रोतेहो. समोर तोंड असलेलं प्रत्येक प्रतिबिंब दोनदा, चारदा, सहादा उलटून आलेलं असतं. जोडीने उलटलं की सुलट. सगळ्या सोंडा डावीकडेच. तेव्हा कुठे त्यांनी पेटीला दुर्वा वाहिल्या, काचेवरूनच.

वेळ थोडा राहिलाय, तर भरभर. आतल्या रांगा मंद होत जातात, कारण प्रत्येक फेरीत थोडा उजेड आरसा गिळतो आणि थोडा पुढच्या काचेतून बाहेर येतो, तोच आपल्याला दिसतो. शिवाय खोल रांगा हिरवट दिसतात. साध्या काचेची कड बघा, हिरवी असते ना? काचेतल्या लोखंडाचा तो रंग, फेरीगणिक गडद होतो. बंद करण्याआधी आतून काच नीट पुसा, आत एक बोट उमटलं तर बोटांचीही रांग लागते. मागची फळी स्क्रूने लावा, गोंदाने नाही. दिवा गेला तर उघडणार कशी? आणि खोकं घरातलंच घ्या. आपल्याच गावच्या चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी टाकाऊ वस्तूंमधून काय काय उभं केलं, आणि आपण मात्र शाळेच्या प्रोजेक्टसाठी दुकानातून तयार किट आणतो. असो.

मात्र उजेडाचं विसरू नका. आतला जास्त, बाहेरचा कमी.

यंदा आत्याबाईंची फर्माईश आहे, कमळाऐवजी उंदीरमामा काढा. उंदराची पाठ दिसली तर चालते, हे मी आधीच विचारून घेतलंय. नमस्कार.