६३ प्रश्न आणि एक गाडी

[पडद्यावर: शिकागो, डिसेंबर २००८. व्यासपीठ, झेंडे, कॅमेरे.]

बराक ओबामा निवडून आलेत, शपथविधीला अजून पाच-सहा आठवडे आहेत. ११ डिसेंबरला ते आरोग्य आणि मानवसेवा खात्यासाठी टॉम डॅशल यांचं नाव जाहीर करतात. डॅशल म्हणजे साउथ डकोटाचे माजी सिनेटर, सिनेटमधल्या डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते. ज्या सभागृहाची मंजुरी हवी, तिथे त्यांची सगळी उठबस. हे नाव अडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

३ फेब्रुवारी २००९ ला डॅशल यांनी माघार घेतली.

आपल्याकडे पंतप्रधानांनी नाव दिलं आणि राष्ट्रपतींनी शपथ दिली, की मंत्री कामाला लागतो. त्याच्या मालमत्तेचा तपशील लोकांना मिळतो तो मुख्यतः निवडणूक अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातून. अमेरिकेत मंत्र्याला संसदेचं सदस्य राहताच येत नाही. अध्यक्ष फक्त नाव सुचवतो, मंजुरी सिनेट देते. नाव सुचवणं आणि मंजुरी यांच्या मधल्या आठवड्यांत माणसाची चाळणी होते. ओबामांच्या वेळी तिला किती भोकं होती आणि नेमकी कुठे, ते पाहू.

[पडद्यावर: छापील प्रश्नावली, पानं उलटत जातात.]

पहिला टप्पा ओबामांच्या स्वतःच्या चमूचा. सात पानं, ६३ प्रश्न. इंटरनेटवर कुठल्या टोपणनावांनी लिहिलंत? अडचणीत आणेल असा एखादा ईमेल कधी पाठवलात का? घरकामाला ठेवलेल्या माणसांकडे कामाचा परवाना होता का, त्यांच्यापोटी लागणारे कर भरले का? घरात बंदूक आहे का? जोडीदार काय करतो? आणि शेवटचा, ६३ वा: तुम्हाला, कुटुंबाला किंवा भावी अध्यक्षांना ओशाळवाणं ठरेल असं आणखी काही आहे का?

इतकी खोलात जाणारी प्रश्नावली त्याआधी क्वचितच कुणी वापरली असेल. पण प्रश्नावली माणसाला ठाऊक असलेलंच विचारते. कर चुकलाय हे ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक नसलेलं ज्याच्या सोयीचं आहे, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

दुसरा टप्पा एफबीआयचा. शेजारी, जुने सहकारी, परदेश प्रवास, व्यसनं, खटले यांची चौकशी होते. करखात्याकडूनही एक दाखला येतो. त्यात रिटर्न भरलं का, थकबाकी आहे का, दंड झाला का, एवढंच असतं. रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न पूर्ण आहे का, हे तो दाखला सांगत नाही. जे उत्पन्न दाखवलंच नाही त्याची थकबाकी निघणार कुठून?

तिसरा टप्पा सरकारी नीतिमत्ता कार्यालयाचा. १९७८ च्या कायद्यानुसार मालमत्ता, कर्जं, मानधन, पदं जाहीर करावी लागतात. मालमत्तेचे आकडे नेमके नसतात, टप्प्यांत असतात: १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,००० डॉलर, असे. हितसंबंध आड येत असतील तर कुठले शेअर विकायचे, कुठल्या निर्णयांपासून लांब राहायचं, याचा लेखी करार होतो. पद सांभाळण्यासाठी शेअर विकावे लागले तर नफ्यावरचा कर पुढे ढकलण्याची सोयही आहे. हे सगळं चोख चालतं. पण हे कार्यालय बघतं ते हितसंबंध. रिटर्नमधला हिशेब त्याच्या कामात बसत नाही.

उरली सिनेटची समिती. खरी मेख इथेच आहे.

प्रत्येक खात्याची समिती वेगळी आणि तिची पद्धतही वेगळी. बहुतेक समित्या रिटर्न मागतही नाहीत. वित्त समिती मागते, आणि तिथले करतज्ज्ञ ओळ न् ओळ तपासतात, लेखी प्रश्न पाठवतात, उत्तरावर पुन्हा प्रश्न काढतात. अर्थखातं, आरोग्य खातं आणि परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करणारा व्यापार प्रतिनिधी ही पदं याच समितीकडे येतात. २००९ मध्ये रिटर्नमधल्या चुकांवरून गाजलेली नावं बघा: गाइथनर अर्थखात्याचे, डॅशल आरोग्याचे, रॉन कर्क व्यापार प्रतिनिधी, आणि डॅशल यांच्या जागी आलेल्या कॅथलीन सेबेलियस. चौघंही याच एका समितीसमोरचे. बाकीची खाती काय संतांनी भरली होती? तिथे एवढ्या बारकाईनं हिशेब तपासायला कुणी बसलं नव्हतं.

[पडद्यावर: टिमोथी गाइथनर, वित्त समितीसमोर.]

गाइथनर २००१ ते २००३ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते. अमेरिकेत मालक पगारातूनच सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांचा वाटा कापतो आणि तेवढाच स्वतःचा घालतो. नाणेनिधी ही आंतरराष्ट्रीय संस्था असल्यामुळे ती हा कर कापत नाही. तिथल्या अमेरिकी कर्मचाऱ्यानं स्वयंरोजगार करणाऱ्यासारखे दोन्ही वाटे स्वतः भरायचे, एकूण १५.३ टक्के. मालकाच्या अर्ध्या वाट्याचे पैसे नाणेनिधी त्याला वेगळे देते, आणि कर भरण्याची जबाबदारी माझी, असं लिहूनही घेते.

गाइथनर यांनी आयकर भरला, हा कर राहिला. २००६ मध्ये करखात्यानं २००३ आणि २००४ ची रिटर्न तपासली, चूक काढली. त्यांनी त्या दोन वर्षांचा कर व्याजासकट भरला. २००१ आणि २००२ ची मुदत उलटून गेली होती, खातं मागू शकत नव्हतं. चूक तीच, वर्षं फक्त आधीची, आणि ती त्यांनी तशीच सोडली. ते पैसे भरले गेले नोव्हेंबर २००८ मध्ये, नाव जाहीर होण्याच्या तोंडावर, ओबामांच्या चमूनं विचारल्यावर. चार वर्षांचा मूळ कर सुमारे ३४,००० डॉलर. लोकांना हे कळलं जानेवारीत.

करखातं ज्यांच्या हाताखाली येणार, त्यांचाच कर थकलेला! पण बँका कोसळत होत्या आणि अर्थखातं रिकामं ठेवणं कुणाला परवडणारं नव्हतं. २६ जानेवारीला ६० विरुद्ध ३४ मतांनी ते मंजूर झाले.

डॅशल यांचं गणित मोठं होतं. २००४ ची निवडणूक हरल्यावर ते एका खासगी गुंतवणूक कंपनीचे सल्लागार झाले. वर्षाला दहा लाख डॉलर, शिवाय गाडी आणि ड्रायव्हर. मालकानं दिलेली गाडी खासगी कामाला वापरली तर त्या वापराची किंमत उत्पन्नात धरतात. ती धरलीच नव्हती. २००५ ते २००७ मिळून २,५५,२५६ डॉलर. त्यातच २००७ मधला एका महिन्याचा मोबदला, ८३,३३३ डॉलर, कंपनीच्याच कारकुनी चुकीनं वार्षिक दाखल्यातून सुटला, आणि रिटर्नमधूनही सुटला. दहा लाखांतला बारावा हिस्सा गायब आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही! काही देणग्यांची वजावटही नियमात बसत नव्हती.

२ जानेवारी २००९ ला सुधारित रिटर्न गेली: कर १,२८,२०३ डॉलर, व्याज ११,९६४ डॉलर. तारीख लक्षात घ्या. नाव जाहीर होऊन तीन आठवडे उलटले होते. आधी घोषणा, मग हिशेब. महिनाअखेर बातमी फुटली.

कर भरला होता, तरी प्रकरण शमेना. त्याचं कारण दुसऱ्या कागदात होतं. डॅशल एका बड्या वकिली कंपनीचेही सल्लागार होते, दोन वर्षांत २० लाख डॉलरहून अधिक मोबदला. आरोग्य क्षेत्रातल्या संस्थांपुढे त्यांनी मानधन घेऊन भाषणंही केली होती. मात्र लॉबिस्ट, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन सरकारदरबारी त्याची बाजू रेटणारा, म्हणून त्यांची नोंद नव्हती. कायदा म्हणतो, तीन महिन्यांत एखाद्या ग्राहकासाठीच्या कामापैकी २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगवर गेला तर नोंदणी नको. ओबामांनी २१ जानेवारीला काढलेला आदेश नोंदणीकृत लॉबिस्टांना सरकारी पदांवर येण्यापासून रोखत होता. सल्लागाराला त्याची झळ लागत नव्हती. उलट संरक्षण उपमंत्रिपदासाठी निवडलेले विल्यम लिन रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीचे नोंदणीकृत लॉबिस्ट होते, तर त्यांना लगेच सूट दिली गेली. नियम कडक आणि पहिल्याच आठवड्यात अपवाद, हे लोकांच्या डोळ्यांत खुपलं.

[पडद्यावर: एका पावतीवरचा आकडा, ९४६.६९ डॉलर.]

डॅशल गेले त्याच दिवशी नॅन्सी किलेफर यांनीही माघार घेतली. सरकारी खर्चाच्या कामगिरीवर नजर ठेवायचं नवं पद त्यांना मिळणार होतं. घरकाम करणाऱ्या माणसापोटी भरायचा बेकारी विमा कर राहिला होता: कर २९८ डॉलर, व्याज ४८.६९, दंड ६००. त्यासाठी २००५ मध्ये वॉशिंग्टन शहरानं त्यांच्या घरावर बोजा चढवला होता. ही नोंद सार्वजनिक, कुणालाही बघता येणारी. मजूर खात्यासाठी सुचवलेल्या हिल्डा सोलिस यांच्या पतीच्या गॅरेजवरचे जुने बोजेही असेच उजेडात आले. पैसे भरले गेले, मतदान लांबलं, पण त्या मजूरमंत्री झाल्या. किलेफर यांचं दुर्दैव म्हणजे तो आठवडा. गाइथनर आणि डॅशल यांच्यानंतर तिसरी करचूक पचवायची सरकारची ताकद संपली होती. त्या संध्याकाळी ओबामांनी टीव्हीवरच्या मुलाखतींत चूक आपली असल्याचं कबूल केलं.

व्यापारमंत्रिपदाचे बिल रिचर्डसन ४ जानेवारीलाच बाहेर पडले होते, पण ते प्रकरण करांचं नव्हे. ते गव्हर्नर असलेल्या न्यू मेक्सिकोत कंत्राट मिळालेल्या आणि त्यांच्या राजकीय समित्यांना देणग्या दिलेल्या कंपनीची चौकशी चालू होती. पुढे त्यांच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत. तोवर पद गेलं होतं.

सेबेलियस यांनी मात्र सुनावणीआधी हिशेबनीस लावून तीन वर्षांची रिटर्न स्वतःच तपासून घेतली. काही देणग्यांच्या पावत्या नव्हत्या. विकलेल्या घराच्या उरलेल्या कर्जाचं व्याज वजावटीत धरलं होतं. ७,०४० डॉलर कर, ८७८ डॉलर व्याज. भरून समितीला पत्रानं कळवलं. २८ एप्रिलला ६५ विरुद्ध ३१ मतांनी मंजुरी मिळाली.

दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याचा काळ मग सुरू झाला. छाननी इतकी लांबली की मोठ्या पदांसाठी विचारात असलेले लोक स्वतःच बाजूला होऊ लागले. मार्चमध्ये ॲनेट नाझरेथ यांनी अर्थखात्याच्या उपमंत्रिपदासाठीचं नाव मागे घेतलं. मंदी शिगेला होती, बँकांच्या तपासण्या चालू होत्या, आणि गाइथनर यांना सिनेटनं मंजूर केलेला उपमंत्री, नील वोलिन, मिळाला तो मे महिन्यात.